पाइप म्हणजे पाइप

धडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. आम्ही पावरा आदिवासी, घरी पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले. वर्गात तोंडून पावरी शब्द निघाला की तळहातावर छडी बसायची. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली त्या धास्तीने वर्षवर्ष वर्गात बोलल्याच नाहीत. मास्तर त्यांना मुक्या समजायचे. मी बोलत राहिले आणि मार खात राहिले. पुढे त्याच भाषेत एम.ए. केलं. लोक म्हणतात, बघ, माराने तुझं भलंच झालं. मी म्हणते, ज्या मुली मारापायी शाळेतून पळून गेल्या, त्या आज शेळ्या राखतात किंवा गुजरातमध्ये ऊस तोडतात. त्यांचं भलं कुठे झालं ते मला दाखवा. मग लोक विषय बदलतात.

त्या हिवाळ्यात एका संस्थेच्या समन्वयकांचा फोन आला. मुलांवरची हिंसा थांबवण्यासाठी जगभर काम करणारी एक मोठी संघटना होती आणि तिच्या वतीने ही संस्था आपल्या जिल्ह्यातल्या निवासी शाळांत कार्यक्रम चालवत होती. संघटनेच्या एक बाई परदेशातून पाहणीला येणार होत्या. डोंगरावरच्या एका आश्रमशाळेत त्यांना मुलींशी बोलायचं होतं. लहान मुलींना मराठी धड येत नाही, तेव्हा मी पावरीचं मराठी करावं आणि समन्वयक मराठीचं इंग्रजी करतील, असं ठरलं.

समन्वयक नाशिकचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. घाटातली जीपची दगदग सोसून ते दर महिन्याला यायचे, मुलांना गोष्टी सांगायचे, शिक्षकांची शिबिरं घ्यायचे. त्यांच्यामुळे काही शाळांतली छडी खरोखरच माळ्यावर गेली होती. शाळेकडे जाताना गाडीत त्यांनी मला हळूच समजावलं.

"मॅडम, शब्दाला शब्द नको. भाव सांगा. मुलं काहीही बोलतात."

मी मान हलवली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परदेशी बाई पुढच्या सीटवर होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. ढगळ सलवार-कमीज घातला होता आणि घाटातल्या वळणांनी चेहरा पांढरा पडला होता. तरी त्या अधूनमधून मागे वळून मला काही विचारत होत्या. माझं इंग्रजी परीक्षेपुरतं. समजायचं बऱ्यापैकी, बोलायला जीभ वळायची नाही. त्यांनी सांगितलं ते मात्र नीट कळलं. मुलांना मारझोड होऊ द्यायची नाही असा एक करार जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मान्य केला आहे, आपल्याही देशाने. त्या अनेक देश फिरल्या होत्या, आणि जिथे जातील तिथे पहिलं वाक्य एकच ऐकू यायचं, की आमच्याकडे मुलांना कोणी मारत नाही.

शाळेतही तेच वाक्य ऐकू आलं. अधीक्षिकाबाईंनी गेटवर स्वागत केलं, पोहे दिले. मुलींच्या केसांना तेल चोपडलेलं होतं. भिंतीवर रंगीत फलक होता, 'हिंसामुक्त शाळा'. त्याखाली हसणाऱ्या मुलामुलींची चित्रं होती, गोबऱ्या गालांची. आमच्याकडची पोरं तशी दिसत नाहीत.

बाईंनी शाळेच्या सगळ्या मोठ्या माणसांना बाहेर थांबायला सांगितलं. वर्गात आम्ही तिघं आणि मुली. बाई फरशीवर बसल्या म्हणून समन्वयकही बसले. सुरुवातीला काय आवडतं, काय खाता, मैत्रीण कोण, असं चाललं. मुली हसायच्या आणि एकमेकींच्या पाठीमागे लपायच्या. मी एकेकीला कुठल्या पाड्यावरची ते विचारलं. आपल्या बोलीत कोणी विचारतंय म्हटल्यावर त्या थोड्या सैलावल्या.

मग बाईंनी विचारलं, इथे कशाची भीती वाटते?

खिडकीजवळ दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. उवांमुळे केस मुलासारखे कापलेले, तरी त्यावर एक रिबीन कशीबशी अडकवलेली. गुडघ्यावरची खपली ती नखाने काढत होती. खपलीवरची नजर न काढता ती बोलू लागली. अंथरूण ओलं झालं की अधीक्षिकाबाई पाइपाने मारतात, म्हणाली. पाणी भरायचा हिरवा पाइप. मग कोठीच्या खोलीत कोंडतात. तिथे धान्याची पोती आहेत आणि उंदीर आहेत. ती स्वतः तिथे राहिली आहे, तिच्याहून लहान असलेल्या दोघीही राहिल्या आहेत.

मी ते मराठीत सांगितलं. भाव नाही, शब्दच सांगितले. त्याहून वेगळं काय सांगणार होते?

समन्वयकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले की मुलगी सांगते आहे, स्वच्छतेबाबत इथे कडक शिस्त आहे आणि कधीकधी मुलींना ती अवघड जाते.

बाईंनी लिहून घेतलं.

मुलीला इंग्रजीतलं काही कळलेलं नव्हतं. तिला वाटत होतं की आपण बोललो ते पोचलं. एवढं सगळं जिवावर उदार होऊन ती बोलली, आणि दोन माणसांच्या मधल्या वितभर जागेत ते बुडालं. मी तिथे बसून होते आणि मला दोन्हीकडचं कळत होतं. वर्गात मी एकटीच तशी होते.

"नो," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "शी सेड पाइप. नॉट स्ट्रिक्ट. पाइप."

समन्वयक मराठीत पटकन म्हणाले, "मॅडम, मी सांगतोय ना."

"तुम्ही नाही सांगितलं," मी म्हणाले. "पाइप म्हणजे पाइप. तिथे दुसरा शब्द घालू नका."

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी समन्वयकांना अगदी सौम्यपणे बाहेर थांबायला सांगितलं. ते उठले. दार लोटून गेले. आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. 'कोंडणं'ला शब्द आठवेना, म्हणून मी उठून दाराची कडी लावून दाखवली. 'उंदीर' आठवला. 'अंथरूण ओलं' म्हणताना हातवारे केले, तेव्हा दोन मुली हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. व्याकरणाची पार दशा झाली, पण एक शब्द गाळला नाही. आणखी दोघी बोलल्या. बाकीच्या नुसत्या माना हलवत होत्या.

शेवटी त्या रिबीनवाल्या मुलीने मला विचारलं, "ही बाई संध्याकाळी गाडीत बसून जाईल. मग?"

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की नियमाप्रमाणे त्यांना हे आजच जिल्ह्यात कळवावं लागेल आणि त्या कळवतील. मुलीचं नाव शाळेला सांगणार नाहीत. पण इथे राहण्याचं वचन त्या देऊ शकत नाहीत. खोटं बोलल्या नाहीत, हे मला आवडलं.

मुलीला एवढं पुरणार नव्हतं. मी तिला म्हणाले, "ती जाईल. मी धडगावलाच राहते. मी येईन."

असं म्हण म्हणून कोणी मला सांगितलेलं नव्हतं, माझ्या कामात ते बसतही नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर मागे घ्यावंसं वाटलं नाही.

परत येताना घाट उतरल्यावर समन्वयक म्हणाले, "दोन वर्षांचं काम तुम्ही एका दुपारीत पाण्यात घातलंत."

"काम पाण्यात गेलंय का ते मुलींना विचारा," मी म्हणाले. त्यांनी खिडकीची काच वर केली.

बाईंनी शब्द पाळला. त्याच दिवशी कळवलं आणि थोड्याच दिवसांत जिल्ह्यातून चौकशीला माणसं आली. पण त्यांनी दुभाषी म्हणून शाळेतल्याच एका शिक्षकाला समोर बसवलं. मुली म्हणतात, सगळं छान आहे, असं त्याने मराठीत सांगितलं. हिरवा पाइप कुठेच नव्हता, कोठीत फक्त धान्य होतं. तक्रारीत काही तथ्य आढळलं नाही, असं ठरलं.

बाईंचा त्यांच्या देशातून फोन आला तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. चौकशीत शाळेचा माणूस दुभाषी असेल तर ती चौकशीच नाही, असं त्यांनी वरपर्यंत कळवलं होतं आणि पुन्हा कळवणार होत्या. "पण मी इथून एवढंच करू शकते," त्या म्हणाल्या. "तिथे कोणीतरी पाहिजे." मी म्हणाले, आय ॲम हिअर. हे वाक्य मात्र अगदी बरोबर आलं.

आता आत जायचं कसं? रविवारी फक्त पालकांना सोडत. रिबीनवाल्या मुलीचे आईबाप बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेले. तिच्या पाड्यावर जाऊन मी तिच्या चुलत्याकडून आईचा नंबर घेतला. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा ती फडातच होती. मी सांगितलेलं तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोरीला घरी नेलं तर घरी आहे कोण? इथे आणलं तर उसात काम करेल. तिला शिकवायचं आहे. मग म्हणाली, रविवारी गेटवर जा आणि मला फोन लाव.

रविवारी मी गेटवर गेले. गेटवरचा माणूस खालच्या सपाटीवरचा, कोरीटकडचा, अहिराणी बोलणारा. म्हणाला, "ताई, मन्हा हातमा काही नही शे." मी म्हटलं, तुमच्या हातात काही नकोच, अधीक्षिकाबाईंच्या हातात हा फोन द्या. अधीक्षिकाबाई आल्या. पलीकडून मुलीची आई मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "ती माझी बहीण आहे. सोडा तिला."

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. गेटजवळच्या निंबाखाली आम्हाला बसवत आणि अधीक्षिकाबाई शेजारी खुर्ची टाकून बसत. त्या सपाटीवरच्या, त्यांना पावरी येत नव्हती. आम्ही त्यांच्या कानाशी बसून सगळं बोलायचो. ज्या बोलीसाठी मी मार खाल्ला ती इतकी उपयोगी पडेल असं माझ्या मास्तरांना वाटलं नसेल. मुलगी सांगायची, आता पाइप बंद आहे. पण तिच्याशी कोणी बोलायचं नाही असं मुलींना सांगितलंय आणि तिची गादी व्हरांड्यात टाकलीय. हिवाळ्यात, डोंगरावर. हे सांगताना ती रडत नव्हती. माझ्या ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती.

त्या दिवशी मी खुर्चीकडे वळून म्हणाले, "बाई, हिची गादी आज आत जाईल. नाही गेली तर मी इथेच व्हरांड्यात हिच्याजवळ झोपेन, आणि का झोपले ते सगळ्या धडगावला सांगेन."

गादी आत गेली.

याची किंमत मला मोजावी लागणार हे उघड होतं. पुढच्या सत्रात तासिका नाहीत, असं महाविद्यालयातून कळलं. कारण विचारलं तर म्हणे विद्यार्थीसंख्या कमी. मग घरावर आलं. मी बाजारपेठेत एका मारवाडी व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यांचं किराणा आणि आमचूर खरेदीचं दुकान. आश्रमशाळेचा किराणा तिथूनच जायचा. शेठजी एका सकाळी वर आले, दारातच उभे राहिले आणि खोली लवकर रिकामी करून द्या म्हणाले. पुतण्या येणार आहे राहायला. त्यांना ते सांगताना अवघड जात होतं, नजर माझ्या चपलांवर होती.

त्यांच्या मागून शेठाणी जिना चढून आली. हातात पिठाची परात तशीच. ती माझ्याशी नेहमी मराठी, हिंदी, मारवाडी अशी मिसळून बोलायची, त्या दिवशी स्वच्छ मराठीत नवऱ्याला म्हणाली, "खोली रिकामी होणार नाही. पुतण्या आला तर आपल्या खोलीत झोपेल."

"धंद्याचं काय?" शेठजी म्हणाले.

"कोठीतली जी पोती आहेत ना, ती आपण पाठवलेली आहेत," शेठाणी म्हणाली. "त्या पोत्यांत त्यांनी पोरी कोंडल्या. तुम्हाला झोप येते का? मला येत नाही."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. बाजारात बातमी फिरत फिरत तिच्यापर्यंत गेली असणार. शेठजी खाली गेले. शाळेचा किराणा पुढे दुसऱ्या दुकानातून जाऊ लागला. शेठाणीने मला ते कधी ऐकवलं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते बाचं येणं. माझा बा आमच्या पाड्याचा पंच. शाळेची माणसं त्याच्याकडे जाऊन आली होती. तो बाजाराच्या दिवशी आला, खोलीत भिंतीला टेकून बसला. चहा घेतला. म्हणाला, मास्तर लोकांशी वैर बरं नाही, उद्या आपली पोरं शाळेत घेणार नाहीत. मी ऐकत राहिले. मग तो म्हणाला, "तुला शाळेत घातलं तेव्हा मीच मास्तरला म्हणालो होतो. हाडं माझी, चामडं तुमचं."

"आणि मी कुणाची होते?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात चहा नव्हता.

"तुला पण कोंडायचे का?" त्याने विचारलं.

"हो."

तो उठला, काठी घेतली, बाजारात उतरला. त्याने मला शाबासकी दिली नाही की माफी मागितली नाही, आणि मला दोन्हीची गरज नव्हती. पण परत तो मला थांबवायला आला नाही. नंतर कळलं की शाळेची माणसं दुसऱ्यांदा गेली, तेव्हा बाने पंच म्हणून त्यांना सांगितलं, होळीला लोक परत येतील, तेव्हा बघू.

होळीला आमच्याकडे माणूस जिथे असेल तिथून परततो. ऊसतोड अर्धी टाकून, मुकादमाच्या शिव्या खाऊन परततो. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजतात, डोंगर उतरून माणसं येतात. मुलांनाही शाळेतून घरी सोडतात. त्या वर्षी मी प्रत्येक बाजारात फिरले. कोणत्या मुली त्या शाळेत आहेत ते मला ठाऊक होतं. त्यांच्या आया शोधत होते. गुलाबी शरबताच्या गाड्यापाशी, बांगड्यांच्या दुकानापाशी, ढोलाच्या आवाजात ओरडून ओरडून मी बोलले. मी त्यांना एवढंच म्हणायचे, तुमची पोर घरी आलीय, तिला विचारा.

सगळ्यांनी ऐकून घेतलं असं नाही. एक बाप म्हणाला, मारलं तर काय झालं, आम्ही मारत नाही का? मी म्हटलं, तेही बंद करा. तो हसला आणि ढोलाकडे गेला. एका आईने माझा हात झटकला. दोघींनी सांगितलं की पोर घरी आल्यापासून कोपऱ्यात बसलीय, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. रिबीनवाल्या मुलीची आई मला तिथेच पहिल्यांदा भेटली. माझ्याहून लहान होती, उसाच्या पात्यांनी दोन्ही हात कापलेले. तिने माझा चेहरा नीट पाहून घेतला आणि म्हणाली, फोनवर तू म्हातारी वाटली होतीस.

होळी झाली. मुलींना परत सोडायचा दिवस आला. एरवी बाप किंवा काका मोटारसायकलवर पोरगी आणि पत्र्याची पेटी आणून टाकतो आणि जातो. त्या दिवशी आया आल्या, पाठीशी तान्ही बांधून. अंगण भरलं. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, पेट्या आत ठेवा आणि निघा, ऊन होतंय.

रिबीनवाल्या मुलीच्या आईने लेकीची पेटी अंगणाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. तिच्यामागोमाग दुसरी बसली. मग सगळ्याच बसल्या.

"पेटी आत जाणार नाही," ती म्हणाली. "आधी पोरी बोलतील."

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चालकांना फोन गेला. ते जीपने आले, घाम पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, यांना समजावून सांगा.

"मी आज दुभाषी म्हणून आलेली नाही," मी म्हणाले आणि त्यांच्याकडे पाठ करून आयांमध्ये जाऊन बसले.

मग त्यांनी चौकशीच्या वेळचा तो शिक्षक बोलावला. तोही पावराच होता, बिचारा. चारी बाजूंनी आया, मध्ये तो. बोललेला प्रत्येक शब्द त्यांना कळत होता आणि त्याने मराठीत काय केलं तेही काहींना कळत होतं. त्या दिवशी त्याने एकही शब्द बदलला नाही.

आधी कोणीच मुलगी बोलेना. रिबीनवाली मुलगी आईच्या पाठीमागे उभी होती. तिने तोंड उघडलं नाही आणि कोणी तिला आग्रह केला नाही. ती तिच्या वाटचं बोलून चुकली होती. शेवटी एक अगदी लहान मुलगी, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, कोठीच्या दाराकडे बोट करून म्हणाली, मला तिथे शी झाली होती. मग मुली बोलतच सुटल्या. कोणाला थांबवावं कळेना.

अधीक्षिकाबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, इतक्या मुलींना मी एकटी बघते, रात्रंदिवस. माझं पोर नंदुरबारला सासूजवळ आहे, महिनामहिना दिसत नाही. मला कोणी शिकवलं का दुसरं काही? मी पण मार खाऊनच मोठी झाले. ते सगळं खरं होतं. मला त्यांच्यासाठी वाईटही वाटलं, अगदी तेव्हाच, त्या अंगणात. पण त्यामुळे माझी मागणी तसूभरही कमी झाली नाही. आयांचीही झाली नाही.

कोठीच्या दाराची बाहेरची कडी सगळ्यांसमोर उखडून काढली. गेटवरच्या माणसानेच ती काढली, मोठ्या उत्साहाने. दर रविवारी कोणत्याही दोन आया किंवा मावश्या येतील आणि त्यांना झोपायच्या खोल्यांपर्यंत कोणी अडवणार नाही, असं चालकांनी कबूल केलं. अधीक्षिकाबाई तिथे राहणार नाहीत हेही कबूल केलं. मगच पेट्या आत गेल्या.

मी संघटनेच्या बाईंना कळवलं. त्यांनी आणि समन्वयकांनी पुढे त्या शाळेत नव्या अधीक्षिकेच्या जोडीला आणखी एक मागून घेतली, दोघींची शिबिरं घेतली. अंथरूण ओलं करणारं मूल हट्टी नसतं, घाबरलेलं असतं, हे त्यात शिकवलं. आता मुलांशी बोलायला जाताना दुभाषी शाळेचा नसावा आणि कार्यक्रम चालवणाऱ्यांचाही नसावा, असा नियम त्यांनी केला. समन्वयकांनी मला स्वतः फोन करून तो सांगितला. "तेव्हा मी चुकलो," म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या वेळी शब्दाला शब्द द्या. ते हसले. आम्ही आता बरोबर काम करतो आणि अजूनही भांडतो.

तासिका मला परत मिळाल्या नाहीत. खाली शेठाणीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी मुलांच्या शिकवण्या घेते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कळलं की अधीक्षिकाबाईंची फक्त बदली झाली आहे. खापरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळ, शाळा चालवणाऱ्या त्याच संस्थेच्या दुसऱ्या वसतिगृहात. तिथल्या मुली वसावे, तडवी समाजांच्या, आमच्या ओळखीच्या नाहीत, बोली आमच्यासारखी पण आमची नाही. मी हे रविवारी निंबाखाली सांगितलं. रिबीनवाल्या मुलीची आई त्या वर्षी ऊसतोडीवर परत गेली नव्हती. तिने विचारलं, जीप कुठून मिळते?

शाळा पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघी निघालो, मी, ती आणि आणखी एक आई. दोन जीपा बदलून, कोंबड्या आणि खताच्या पिशव्यांमध्ये दाटीने बसून दुपारी तिथे पोचलो. गेटवर तरुण माणूस होता. त्याने विचारलं, तुमच्या मुली कोणत्या?

"आमच्या इथे नाहीत," मी म्हणाले. "आम्ही इथल्या मुलींना भेटायला आलोय."

तो म्हणाला, असं चालत नाही. विचारून येतो, थांबा. आणि आत गेला. आतून बराच वेळ कोणी आलं नाही. रिबीनवालीच्या आईने गेटसमोरच्या झाडाखाली जागा झाडली, पदराची गाठ सोडली, मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला. पलीकडच्या खिडकीच्या गजांशी दोन-तीन मुली येऊन उभ्या राहिल्या. तिने त्यांना हात केला, आणि आम्ही जेवायला बसलो.